फ्लाइट सिम्युलेटर सुरू होतानाच का अडकतो?

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली आणि आमच्या ऐरोलीच्या सोसायटीतल्या मुलांच्या तोंडी तीन अक्षरं बसली: एनएमआय. नव्या विमानतळाचा कोड. उलव्याची टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून बांधलेली ती ३,७०० मीटरची धावपट्टी. तिच्यावरून उड्डाण करायचं तर पायलट व्हावं लागेल, त्याला वेळ आहे. तोवर घरच्या काँप्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवण्याचा गेम, आहे. नव्या विमानतळाचं चित्रण कुणी हौशी माणसं बनवून मोफत देतात, ते उतरवून घ्यायचं, गेममध्ये टाकायचं आणि उडायचं.

जानेवारीत एका संध्याकाळी तळमजल्यावरचा बारावीतला मुलगा घरी आला. चेहरा उतरलेला. "काकू, तीन दिवस झाले, गेम उघडतच नाही. सुरू होतानाची ती भरत जाणारी रेघ अर्ध्याच्या पुढे जाते आणि तिथंच राहते. दुकानात विचारलं तर म्हणाले फॉरमॅट मारा, आणि तरी नाही झालं तर ग्राफिक कार्ड बदला."

मी अठरा वर्षं कंपन्यांच्या काँप्युटरांची देखभाल करते. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं बसवणं. "फॉरमॅट मारा" हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकलेत, आणि त्यापायी लोकांचे फोटो, हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट गेलेले इतक्या वेळा पाहिलेत, की मला त्यांचा राग येतो. म्हणून हा लेख. सुरू होताना गेम अडकतो म्हणजे आत नेमकं काय घडतं, ते ज्यांना काँप्युटरमधलं फारसं कळत नाही त्यांनाही समजावं, असा माझा प्रयत्न आहे.

ठाण्याच्या अलीकडे उभी राहिलेली लोकल

वाशीहून ठाण्याला येणारी लोकल दिघा गाव सोडते आणि ठाणे स्टेशनच्या थोडं अलीकडे उभी राहते. डब्यातले लोक लगेच म्हणतात, "बंद पडली वाटतं." पण गाडी बंद पडलेली नसते. पंखे चालू, दिवे चालू. फलाट रिकामा नसतो, म्हणून सिग्नल लाल असतो आणि गाडी त्याची वाट पाहत असते. मोटरमननं कितीही मनावर घेतलं तरी गाडी हलणार नाही. दोष शोधायचा तर तो फलाटावर शोधायला हवा.

अडकलेला गेम बहुतेक वेळा असाच असतो. प्रोग्राम कुणाची तरी वाट पाहत असतो: एखाद्या फाइलची, इंटरनेटवरच्या सर्व्हरची, पडद्यावरची चित्रं रंगवणाऱ्या ग्राफिक कार्डची, कधी यूएसबीला लावलेल्या जॉयस्टिकची. म्हणून पहिला प्रश्न "काय बिघडलं?" असा विचारू नका. "हा कुणाची वाट पाहतोय?" असा विचारा. उत्तर मिळालं की अर्धं काम झालं.

इथं एक फरक ध्यानात ठेवा. गेमची खिडकी अचानक नाहीशी होऊन तुम्ही परत डेस्कटॉपवर आलात, तर त्याला कोसळणं म्हणतात. खिडकी समोर आहे पण हलत नाही, हे अडकणं. दोन्हीची कारणं वेगळी असू शकतात. मदत मागताना आपल्याकडे नेमकं काय होतं ते स्पष्ट सांगितलं नाही, तर समोरचा भलत्याच दिशेनं शोधत बसतो.

"नॉट रिस्पॉन्डिंग" कोण म्हणतं?

खिडकी पांढुरकी होते, वर "नॉट रिस्पॉन्डिंग" असं येतं आणि आपला धीर सुटतो. हा शेरा गेम देत नाही, विंडोज देतं. विंडोज प्रत्येक खिडकीला सतत बारीक निरोप पाठवत असतं: माउस इथं दाबला, ही कळ दाबली. खिडकीनं पाच सेकंद निरोप उचलला नाही, की विंडोज तिला गप्प ठरवतं आणि तिच्या जागी तिचं फिकट चित्र लावतं. पाच सेकंद. सिम्युलेटर सुरू होताना हजारो फाइली उघडत असतो, त्याला पाच सेकंद उत्तर द्यायला सवड नसणं काही विशेष नाही. आपण घाबरून दहा वेळा क्लिक करतो, दहा निरोप साचतात आणि शेरा हमखास उमटतो.

तेव्हा पहिला उपाय फुकटचा आहे. हात मागे घ्या आणि थांबा. नुकतंच गेमचं अपडेट आलं असेल किंवा ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर बदलला असेल, तर अर्धा तास थांबा. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि एखादं यंत्र यांच्यामधला दुभाषी प्रोग्राम.

एवढा वेळ का लागतो?

साध्या गेमला आपलं छोटं जग सांभाळायचं असतं. सिम्युलेटरला अख्खी पृथ्वी सांभाळायची असते. मायक्रोसॉफ्टचा २०२० सालचा फ्लाइट सिम्युलेटर घ्या. डिस्कवर १५० जीबी जागा मागणारा, आणि तरीही जमिनीची चित्रं उडताना इंटरनेटवरून आणणारा. २०२४ च्या आवृत्तीत घरच्या डिस्कवरचा भार ५० जीबीवर आणला, पण त्यासाठी आणखी बऱ्याच गोष्टी सर्व्हरवर नेल्या. म्हणजे गेम विकत घेतला तरी त्याचं निम्मं घर परगावी आहे.

मुख्य मेनू दिसण्याआधी बरंच काही उरकायचं असतं. तुमचं खातं तपासायचं, अपडेट आहे का ते विचारायचं, तुम्ही बाहेरून टाकलेली विमानं आणि विमानतळ वाचायचे, लावलेली सगळी उपकरणं ओळखायची. आणि शेडर तयार करायचे. हा शेवटचा भाग नीट समजून घेऊ, कारण बरीच रखडपट्टी तिथंच होते.

पाण्यावरची चकाकी, ढगाची सावली, काचेतून दिसणारं ऊन कसं रंगवायचं याची कृती म्हणजे शेडर. गेम ही कृती कच्च्या स्वरूपात देतो. तुमचं ग्राफिक कार्ड ती तशीच वापरू शकत नाही. आधी आपल्याला मानवेल अशी वाटून घ्यावी लागते. स्वयंपाकघरातलं वाटण आठवा. खोबरं-कांदा भाजून एकदा वाटून फ्रिजमध्ये ठेवलं की आठवडाभर आमटी झटपट होते. काँप्युटरही वाटलेले शेडर डिस्कवर साठवतो. या साठ्याला कॅशे म्हणतात. ड्रायव्हर बदलला म्हणजे मिक्सर बदलला. जुनं वाटण चालत नाही, सगळं पुन्हा वाटावं लागतं. म्हणून ड्रायव्हर अपडेटनंतर पहिल्यांदा गेम सावकाश उघडतो. हा बिघाड नव्हे.

पण वाटण फ्रिजमध्ये ठेवता ठेवता वीज गेली तर? आपल्याकडे पावसाळ्यात हे रोजचंच. फाइल अर्धी लिहिलेली राहते, आणि पुढच्या वेळी गेम ती नासकी फाइल उघडून तिथंच बसतो. अशा वेळी कॅशे पुसून टाकावा. विंडोजच्या डिस्क क्लीनअपमध्ये "डायरेक्टएक्स शेडर कॅशे" अशी ओळ असते, तिच्यावर खूण करून साफ करा. काही बिघडत नाही. काँप्युटर पुन्हा वाटून घेतो, फक्त पहिली वेळ लांबते. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये जमिनीच्या चित्रांचाही "रोलिंग कॅशे" नावाचा असाच साठा असतो, तोही पुसता येतो.

चार काटे वाचायला शिका

आता निदान. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांचे आलेख दिसतात. गेम अडकलेला असताना हे चार काटे बघायचे. नाडी बघितल्यासारखं.

डिस्कचा काटा शंभर टक्क्यांना टेकलेला असेल तर गेम वाचतोय, वाचू द्या. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर हजारो बारीक फाइली वाचायला तिला फार वेळ लागतो, आणि सिम्युलेटर अशाच फाइलींनी भरलेला असतो. डिस्कबरोबर मेमरीही पंचाण्णव टक्क्यांवर असेल तर मामला वेगळा. रॅम भरली आहे, आणि विंडोज ओट्यावर जागा नाही म्हणून भांडी जमिनीवर मांडावी तसं रॅममधलं सामान डिस्कवर मांडतंय. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरला कमीत कमी ८ जीबी रॅम चालते, २०२४ च्या आवृत्तीला कमीत कमी १६ जीबी लागते आणि कंपनीची शिफारस ३२ जीबीची आहे. जुना काँप्युटर नव्या आवृत्तीला का पुरत नाही, याचं उत्तर पुष्कळदा या आकड्यांतच असतं.

नेटवर्कचा काटा हलत असेल तर काहीतरी उतरतंय. अपडेट कित्येक जीबीचं असू शकतं.

सगळ्यात फसवा आहे प्रोसेसरचा काटा. तो बारा-तेरा टक्के दाखवतो आणि आपण म्हणतो, "मशीन तर निवांत आहे." पण तुमच्या प्रोसेसरमध्ये आठ कामगार असतील आणि त्यातला एकच जिवाच्या आकांतानं राबत असेल, तर टास्क मॅनेजर त्या आठांची सरासरी काढून साडेबारा टक्केच दाखवणार. बाकी सात जण त्याचं काम संपण्याची वाट पाहत हातावर हात ठेवून असतात. काटा बारा-तेरावर खिळलेला, डिस्क शून्य, नेटवर्क शून्य, आणि अर्धा तास हेच चित्र, तर तो कामगार गोल गोल फिरतोय. असं चित्र वाट पाहून बदलत नाही.

आणि चारही काटे जमिनीला टेकलेले असतील तर? मग गेम खरोखर कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहतोय. नौपाड्यातल्या अरुंद गल्लीत दोन टेम्पो समोरासमोर येतात आणि दोघं एकमेकांना म्हणतात, "आधी तुम्ही मागे घ्या." दोन्ही टेम्पो धडधाकट, दोन्ही चालक कुशल, पण गल्ली बंद. प्रोग्रामच्या आतही असं होतं, आणि ही कोंडी आपोआप सुटत नाही.

यासाठी विंडोजमध्ये एक सोय आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स भागात गेमच्या नावावर माउसचं उजवं बटण दाबा आणि "अॅनालाइझ वेट चेन" निवडा. हा प्रोग्राम कुणासाठी थांबलाय त्याची साखळी समोर येते. कधी दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामचं नाव येतं, कधी नेटवर्कच्या उत्तरासाठी थांबल्याचं लिहिलेलं असतं. प्रत्येक वेळी उत्तर मिळेलच असं नाही, पण मिळालं की दिवस वाचतो.

"पण मी काहीच बदललं नाही, काल तर चालत होतं!"

हे वाक्य मला रोज ऐकू येतं आणि ते खोटं नसतं. माणसानं काही बदललेलं नसतं. पण रात्रीत विंडोजनं स्वतःला अपडेट केलेलं असतं, गेमनं स्वतःला अपडेट केलेलं असतं, ग्राफिक कार्डाच्या प्रोग्रामनं नवा ड्रायव्हर बसवलेला असतो. तुम्ही झोपलेले असता, घर बदललेलं असतं.

विंडोज याची नोंद ठेवतं. स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी हिस्टरी" असं टाइप करा. दिनदर्शिकेसारखा तक्ता येतो: कुठल्या दिवशी काय बसलं, कुठल्या दिवशी काय कोसळलं, काय अडकलं. गेम पहिल्यांदा अडकला त्या तारखेच्या आदल्या दोन दिवसांत काय बसलं ते बघा. तारखा जुळवणं हे या कामातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात उपयोगी हत्यार आहे. एक्स-प्लेन हा दुसरा सिम्युलेटर वापरणाऱ्यांना आणखी एक सोय आहे: गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये "लॉग" नावाची मजकूर फाइल असते, तिच्यात गेम प्रत्येक पाऊल लिहीत जातो. शेवटची ओळ जिथं तुटते त्याच्या आसपास गुन्हेगार असतो. फक्त ती फाइल गेम पुन्हा सुरू करण्याआधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा, कारण पुढच्या वेळी एक्स-प्लेन तिच्यावरच नवं लिहितो आणि पुरावा पुसला जातो.

अशीच एक गंमतशीर बाब काँप्युटर बंद करण्याची. आपण "शट डाउन" करून पुन्हा चालू करतो आणि म्हणतो, "रीस्टार्ट करून बघितलं." विंडोजमध्ये "फास्ट स्टार्टअप" चालू असेल, आणि बहुतेकांकडे ते असतं, तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवला जातो. अडकलेला ड्रायव्हरही तसाच उठतो. "रीस्टार्ट" निवडलं तरच सगळं नव्यानं सुरू होतं. बंद-चालू आणि रीस्टार्ट एकच, ही समजूत इथं चुकते.

बाहेरून आणलेली विमानं आणि अर्धं-अर्धं करण्याची रीत

आता त्या मुलाच्या काँप्युटरकडे येते. चार काटे बघितले. प्रोसेसर बारा-तेरावर खिळलेला, बाकी शांत. अर्धा तास थांबलो, त्याच्या आईनं चहा आणला, चित्र बदललं नाही. म्हणजे एक कामगार गोल फिरतोय.

त्याचा संशय नव्या विमानतळावर होता. "एनएमआय टाकलं आणि तेव्हापासूनच असं होतंय, काकू." त्यानं ते काढूनही टाकलं होतं, तरी गेम अडकतच होता. मग तो म्हणाला, विमानतळानं जाता जाता आत काहीतरी बिघडवून ठेवलं असणार.

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये बाहेरून आणलेल्या सगळ्या गोष्टी "कम्युनिटी" नावाच्या एका फोल्डरमध्ये राहतात. गेम सुरू होताना तिथलं प्रत्येक सामान वाचतो. लग्नाच्या वऱ्हाडाची बस असते ना, तशी ही गत: एक पाहुणा आला नाही तर बस सुटत नाही, मग बाकी चाळीस जण वेळेवर येऊन बसलेले असले तरी. आम्ही फोल्डरचं नाव बदललं, म्हणजे गेमला तो सापडणारच नाही. गेम सुरू केला. दोन मिनिटांत मेनू! मुलगा खुर्चीतून उठलाच.

इथंच पुष्कळ लोक थांबतात आणि सगळं सामान फेकून देतात. तेवीस गोष्टी होत्या त्याच्याकडे, दोन वर्षांत एकेक जमवलेल्या. सगळ्या टाकून द्यायच्या? आणि एकेक घालून बघायची तर तेवीस वेळा गेम सुरू करायचा?

अर्धं-अर्धं करा. बारा आत ठेवल्या, अकरा बाहेर. अडकला. म्हणजे गुन्हेगार या बारांत. त्यातल्या सहा ठेवल्या, चालला. म्हणजे उरलेल्या सहांत. त्यातल्या तीन ठेवल्या, अडकला. मग त्या तिनांतल्या दोन, अडकला. मग एक. पाच फेऱ्यांत नाव हाती आलं. प्रत्येक फेरीत संशयित निम्मे होतात, म्हणून शंभर असते तरी सात फेऱ्यांत काम झालं असतं. मला ही रीत फार आवडते, कारण तिला अंदाज लागत नाही, नशीब लागत नाही. शांतपणे बसणं लागतं.

सापडलं ते दोन वर्षांपूर्वीचं एक छोटं विमान. नवा विमानतळ निर्दोष होता. विमानतळ टाकला त्याच्या आदल्या रात्री गेमचं अपडेट आलं होतं. रिलायबिलिटी हिस्टरीत ती तारीख स्पष्ट होती. अपडेटनं आतली व्यवस्था बदलली आणि जुनं विमान जुन्या पत्त्यावर कुणाला तरी शोधत बसलं. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या आणि त्यानं दुसरीला दोष दिला. आपण सगळेच असं करतो.

या रीतीला एक मर्यादा आहे, तीही सांगते. कधी दोन सामानं एकेकटी नीट चालतात आणि एकत्र आली की भांडतात, जसे एकाच विमानतळाचे दोन वेगवेगळे देखावे. मग पहिला अर्धा चालतो, दुसरा अर्धाही चालतो आणि दोन्ही मिळून अडकतो. असं झालं तर गोंधळून जाऊ नका. एक अर्धा कायम आत ठेवा आणि दुसऱ्यातलं अर्धं-अर्धं त्यात मिसळत जा.

हीच रीत यूएसबी उपकरणांना लावा. सिम्युलेटर सुरू होताना जॉयस्टिक, पेडल, थ्रॉटल सगळ्यांना "कोण आहेस?" विचारतो. जुनं किंवा कमी वीज मिळालेलं एखादं उपकरण उत्तरच देत नाही. सगळं काढा, फक्त कीबोर्ड आणि माउस ठेवा, सुरू करून बघा. आणि एका वेळी एकच बदल. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि गेम चालला, तर कशानं चालला ते कधीच कळत नाही.

"माझं इंटरनेट तर झकास आहे"

असेल. पण रस्त्याचं दुसरं टोकही असतं. १९ नोव्हेंबर २०२४ ला मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ बाहेर आला त्या दिवशी जगभरातल्या लोकांचा गेम ९७ टक्क्यांवर अडकून राहिला. कुणाच्याही घरात काही बिघडलं नव्हतं. कंपनीनं नंतर खुलासा केला की दोन लाख वापरकर्ते गृहीत धरून चाचणी केली होती, पण प्रत्यक्षात माहिती पुरवणाऱ्या सर्व्हरवर त्याहून मोठा ताण आला आणि ते वारंवार कोलमडून पुन्हा सुरू होत राहिले. त्या रात्री किती जणांनी घरी बसून काँप्युटर फॉरमॅट केला असेल, या विचारानं मला अजून हळहळ वाटते. गेम अडकला आणि नेटवर्कचा काटा निपचित असेल, तर आधी कंपनीच्या पानावर सर्व्हर सुरू आहेत का ते बघा.

घरच्या टोकाला एक साधं कारण असतं, ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: तारीख. जुन्या काँप्युटरच्या आत नाण्याएवढी एक बॅटरी असते, ती संपली की वीज गेल्यावर घड्याळ मागे पडतं. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करताना तारीख तपासली जाते. तुमचा काँप्युटर दहा वर्षं मागे असेल तर सर्व्हरचं ओळखपत्र त्याला चुकीचं वाटतं आणि जोडणी होत नाही. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघायला एक सेकंद लागतो, बॅटरी स्वस्त मिळते.

"बाकी सगळे गेम चालतात, मग काँप्युटर चांगलाच असणार"

नाही, इतकं सरळ नाही. सिम्युलेटर मशीनला जितकं पिळतो तितकं दुसरे थोडेच पिळतात. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर आला, तेव्हा आयबीएमच्या काँप्युटरची नक्कल करून बनवलेला काँप्युटर खरोखर तंतोतंत जुळतो का ते पाहायला लोक त्यावर हाच गेम चालवून बघत. जो दोष इतरांनी खपवून घेतला, तो याच्यात उघडा पडे. आजही तेच आहे.

रॅमचा वेग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, वाढवून ठेवलेला असेल, तर तो एकदा मूळ वेगावर आणून बघा. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती. शेडर वाटण्यासारख्या जड कामात ती नेमकी बाहेर येई. इंटेलनं ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर दुरुस्ती दिली, ती बायोस अपडेटमधून मिळते, आणि अशा प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे त्या पिढीचा प्रोसेसर असेल आणि वाट्टेल तिथं कोसळत असेल, तर ग्राफिक कार्ड घ्यायला लॅमिंग्टन रोड गाठण्याआधी हे तपासा.

उष्णतेबद्दल मात्र फार विचार करू नका. तापलेला काँप्युटर सहसा वीस-पंचवीस मिनिटं उडाल्यावर आडवा होतो, पहिल्या मिनिटाला नाही.

"एवढं करण्यापेक्षा एकदाच फॉरमॅट का नको?"

कारण फॉरमॅटनं उत्तर मिळत नाही. मुलाच्या काँप्युटरवर फॉरमॅट मारला असता, मग पुन्हा सगळा गेम उतरवला असता, दोन-तीन दिवस गेले असते. आणि मग त्यानं ते जुनं विमान पुन्हा आत टाकलं असतं, कारण ते त्याचं आवडतं होतं. चौथ्या दिवशी गेम तिथंच अडकला असता, दुकानदार म्हणाला असता, "बघा, मी म्हणालो होतो ना, कार्डच गेलंय," आणि त्याच्या आईनं कुठूनतरी पैसे उभे केले असते. मला हे कल्पनेनं सुचलेलं नाही. वेगवेगळ्या घरांत हीच साखळी पाहिली आहे, आणि पैसे नेहमी ज्यांना परवडत नाहीत त्यांचेच जातात.

आधी जे मागे घेता येतं ते करायचं: थांबणं, रीस्टार्ट, काटे बघणं, फोल्डरचं नाव बदलणं, यूएसबी काढणं, कॅशे पुसणं. मग गेमच्या फाइली तपासून घेणं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतला असेल तर त्यासाठी बटणच आहे, तुटलेल्या तेवढ्याच फाइली ते पुन्हा आणतं. मग ड्रायव्हर, नवीन अडखळत असेल तर आधीचा. जे मागे घेता येत नाही, आणि ज्याला पैसे लागतात, ते सगळ्यात शेवटी. तिथपर्यंत फार थोड्यांना जावं लागतं.

तरी अडलंच आणि कुणाची मदत मागायची वेळ आली, तर "गेम चालत नाही, प्लीज हेल्प" एवढंच लिहू नका. कुठला सिम्युलेटर, कुठली आवृत्ती, रेघ कुठं थांबते, चार काटे त्या वेळी काय दाखवतात, पहिल्यांदा कधी झालं, त्याच्या आसपास काय बसलं, आणि आतापर्यंत काय करून बघितलं, हे सात-आठ ओळींत लिहा. मुलाला मी हे वहीत लिहायला लावलं होतं. तीच वही समोर ठेवून त्यानं त्या छोट्या विमानाच्या निर्मात्याला संदेश पाठवला: अमुक अपडेटनंतर तुमचं विमान आत असेल तर गेम सुरू होताना अडकतो, बाकी बावीस सामानांसह व्यवस्थित चालतो. आठवड्याभरात उत्तर आलं, सोबत दुरुस्त केलेलं विमान. आता तो त्यातूनच एनएमआयवरून उडतो, आणि ठाण्याच्या खाडीवरून वळताना ऐरोलीचा पूल शोधतो.